रेडिओवर नाव घेत नाहीत

आमच्या गावात भिंतींना कान नसतात, फ्रिजवर असतात. घरोघरी पावाच्या डब्याशेजारी स्कॅनर ठेवलेला असतो आणि तो दिवसभर खरखरत राज्य पोलिसांचं आणि शिकार-मासेमारीवर नजर ठेवणाऱ्या वॉर्डनांचं बोलणं घरात ओतत असतो. कुणाच्या गाडीपुढे घोड्याएवढं मूस हरीण आडवं आलं, कोण परवान्याशिवाय मासे धरताना सापडला, कुणाच्या गायी हमरस्त्यावर आल्या, हे माझ्या नवऱ्याला पोलिसांइतकंच लवकर कळतं. मी त्या यंत्राला सवत म्हणते. ओंडक्यांचा ट्रक चालवायचं सोडून आर्मंड घरी बसला, तेव्हापासून तो माझ्यापेक्षा तिचंच जास्त ऐकतो. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस त्याला पहिल्यापासूनच.

एक नियम मात्र सगळे पाळतात. रेडिओवर नाव घेत नाहीत. मागे एका बाईने कणीक मळताना आपल्या मुलाच्या अपघाताची बातमी ऐकली होती, नावासकट. पोलीस दारात पोचले तेव्हा ती जमिनीवर बसलेली होती आणि तिच्या हाताला कणीक तशीच होती. तेव्हापासून रेडिओवर फक्त 'एक माणूस', 'एक गाडी'. आणि कुणी गेलं असेल तर वॉर्डन एवढंच म्हणतो, "फोनवर बोलतो." हे दोन शब्द ऐकले की आख्ख्या गावातले चमचे ताटात थांबतात.

त्या शनिवारी सकाळी आर्मंडने नेहमीसारखं घेवड्याचं मडकं ओव्हनमध्ये ठेवलं. दाणे, काकवी, डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा. तरुणपणी तो लाकूडतोड्यांच्या तळावर स्वयंपाकी होता आणि अजून शनिवारच्या मडक्याला मला हात लावू देत नाही. गावातल्या बाकी सगळ्या घरांत हे बायका करतात, त्यामुळे आम्हा दोघांची भरपूर थट्टा होते. जाताना त्याने दोन गोष्टी बजावल्या: स्कॅनर बंद करू नकोस आणि मडकं आटू देऊ नकोस. मी म्हटलं, चाळीस वर्षं संसार केलाय, मडक्यात पाणी घालता येतं मला. मग शेजारचा क्लेटन आला, दोघं आमच्या लाल बर्फगाडीवर बसले आणि गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेले.

दुपारी क्लेटनची बायको लोरेन हातमोजे घेऊन आली. क्लेटन मोजे घरीच विसरला होता. तिचा स्वतःचा स्कॅनर आठवडाभर बिघडलेला, म्हणून ती रोज आमच्याकडे ऐकायला येऊन बसायची आणि वर माझ्या कॉफीला नावं ठेवायची.

"बोटं गारठली की येईल धावत," ती म्हणाली. "मग विचारते, बायको कशाला असते ते."

तिने कप तोंडाला लावला आणि स्कॅनर बोलला. आवाज आमच्या भागातला वॉर्डन डूसेट याचा होता. तळ्याला ओहोळ मिळतो तिथे बर्फ फुटलाय, बर्फगाडी पाण्यात गेलीय, दोन माणसं. गाडी लाल आहे.

लाल गाड्या गावात पुष्कळ आहेत. मी तसं बोलूनही दाखवलं. लोरेनने कप खाली ठेवला. ओहोळाच्या तोंडाशी कोण जातं हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिथे पाणी वाहतं असतं, बर्फ कधीच भरवशाचा नसतो, आणि मासे तिथेच लागतात. या दोघांना शहाणपण शिकवता शिकवता आमचे केस पांढरे झाले होते.

थोड्या वेळाने डूसेट पुन्हा बोलला. एकाला बाहेर काढलंय, आपल्या ट्रकमध्ये घेतलंय. दुसरा अजून दिसत नाही.

कोणता एक? आम्ही दोघी फ्रिजकडे बघत उभ्या राहिलो. मी आर्मंडच्या मोबाइलवर फोन लावला. तळ्यावर कुणाचाच फोन लागत नाही हे माहीत असूनही लावला. लोरेनने क्लेटनला लावला. मग आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळू लागलो.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी त्या वेळी काय चिंतलं ते सरळ सांगते. मी देवाला म्हटलं, ट्रकमधला माझा असू दे. म्हणजे पाण्यातला कोण असू दे, हे मला कळत होतं. जिच्याबरोबर मी मुलं वाढवली, जिने माझ्या आईचं आजारपण काढलं, ती माझ्या हाताशी उभी होती आणि मी तिच्या नवऱ्याला पाण्यात ठेवत होते. ओठ तिचेही हलत होते. ती काय मागत होती ते मला विचारायची गरज नव्हती. मला तिचा राग आला, खरंच आला, आणि माझी मलाच लाज वाटली.

ती मोज्याची बोटं एकेक करून सरळ करत होती. ओव्हनमधून काकवीचा वास येत होता. मडक्यात पाणी घालायची वेळ कधीच टळून गेली होती, पण मी फ्रिजसमोरून हलले नाही. राज्य पोलिसांच्या केंद्रावरची बाई मधूनच दुसऱ्याच कुठल्यातरी घसरलेल्या ट्रकबद्दल बोलत होती आणि तिचा शांत आवाज ऐकून मला तो स्कॅनर उचलून बर्फात भिरकावून द्यावासा वाटत होता.

मग स्कॅनरवर पुन्हा डूसेट आला. आवाज खाली गेलेला.

"दुसरा सापडला. टेकडीवर चढलो की फोनवर बोलतो."

लोरेन खुर्चीवर बसली. मी टेबलाची कड धरून उभी राहिले. केंद्रावरच्या बाईने एका पोलिसाला चर्चच्या कोपऱ्यावर डूसेटला भेटायला सांगितलं. चर्चच्या कोपऱ्यावरून आमचा रस्ता फुटतो आणि रस्त्याच्या टोकाला दोनच घरं आहेत, तिचं आणि माझं. मग केंद्रावरच्या बाईने विचारलं, ट्रकमधला माणूस कसा आहे?

डूसेट जरा थांबला. त्याचा बाप आर्मंडबरोबर ट्रकवर होता. पोरगा मनाने चांगला आहे. आपण घरी एकटीच ऐकत असलेल्या एका म्हातारीवर उपकार करतोय, असंच त्याला वाटलं असणार. माझ्या स्वयंपाकघरात आम्ही दोघी आहोत, हे त्याला कुठून कळणार?

"थरथरतोय, पण शुद्धीवर आहे," तो म्हणाला. "बधिर झालाय, सारखं एकच बोलतोय. शनिवारचं मडकं आटलं असेल म्हणतो. कुणी ऐकत असेल तर त्यात पाणी घालावं."

नाव त्याने घेतलं नाही. नियम मोडला नाही.

माझ्या छातीतून आनंद असा उसळून आला की तोंडावर हात दाबूनसुद्धा आवाज फुटलाच. तो आवाज लोरेनने ऐकला. जन्मभर मी तो परत घेऊ शकणार नाही.

ती बराच वेळ ओव्हनच्या दाराकडे बघत होती. मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले, तर तिने तो हळूच बाजूला केला. मोजे टेबलावर ठेवले. उठली, शेगडीवरची किटली घेतली, ओव्हन उघडला, फडक्याने झाकण उचललं आणि मडक्यात पाणी सोडलं. दाणे वरून करपले होते. तिने ते चमच्याने खाली ढकलले, वर थोडं आणखी पाणी घातलं आणि झाकण नीट बसवलं.

बाहेर गाडी आली. माझ्या दारावरून पुढे गेली. खिडकीतून मला डूसेट दिसला, टोपी हातात घेऊन लोरेनच्या पायऱ्या चढताना, मागे तो पोलीस. त्यांनी रिकाम्या घराचं दार वाजवलं.

"लोरेन," मी म्हटलं, "ते तिकडे गेलेत. हाक मारते मी."

"थांब जरा," ती म्हणाली. ती पाठमोरी होती, किटली अजून हातात. "मला अजून कुणी काही सांगितलेलं नाही."

त्यांनी पुन्हा दार वाजवलं. मी फ्रिजपाशी गेले आणि स्कॅनर बंद केला.