आपलं ते कोरं, दुसऱ्याचं ते झिजलेलं

मामाच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात प्रत ठरवायचं काम भाचीकडे होतं. खिडकीपाशी टेबल, मान वाकवता येणारा दिवा, डोळ्याला भिंग. नाणं कडांनी धरायचं, उजेडात कलतं करायचं आणि सांगायचं: कोरं, उत्तम, मध्यम की नुसतंच जुनं. प्रतीवर भाव ठरतो, म्हणून या एका शब्दापायी माणसं किती खाली उतरतात हे तिनं पाहिलं होतं. सगळ्यांत जवळून पाहिलं होतं ते मामाला. विकताना त्याला प्रत्येक नाणं काल टांकसाळीतून निघाल्यासारखं दिसे आणि घेताना त्याच नाण्यात सतरा खोडी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

एकदा दातांच्या डॉक्टरला चांदीचं एक जुनं नाणं आवडलं. हा गृहस्थ स्वतःला मोठा संग्राहक म्हणवून घेई. जन्मभर लोकांचे दात घासून चकचकीत करत आला, पण घासलेलं नाणं काही त्याला ओळखता येईना.

"मध्यम," भाची म्हणाली. "राजाच्या कानावरचे केस झिजलेत. शिवाय चकाकावं म्हणून कुणीतरी घासलंय, त्यानं किंमत उतरते."

डॉक्टर फोनवर बोलत बाहेर गेला तसा मामा तिच्यावर वाकला. "तुझी जीभ जरा आवरशील? गिऱ्हाईक आहे की शत्रू?" आणि पाकिटावर त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं: कोरं. डॉक्टर ते खजिना सापडल्यासारखं छातीशी धरून घेऊन गेला.

पुढे त्याचा नाण्यांचा शौक फिटला आणि घड्याळांचा लागला. नाणं परत घ्या म्हणून तो दुकानात आला. मामानं चष्मा पुसला, नाणं पाहिलं आणि मयताला आल्यासारखा चेहरा केला.

"डॉक्टर, कानावरचे केस झिजलेत हो. आणि घासलेलं आहे."

"पण पाकिटावर कोरं लिहिलंय! तुमच्याच दुकानाचं पाकीट आहे ना?"

मामानं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "पोरीनं लिहिलं असेल. तेव्हा नवशिकी होती."

भाचीनं भिंग खाली ठेवलं. "मामा, अक्षर तुमचं आहे. मी तेव्हाही मध्यमच म्हटलं होतं."

आता हे दोघे एकमेकांची नरडी धरतील असं तिला वाटलं. पण लबाडांचं भांडण फार वेळ टिकत नाही. डॉक्टर हळूच म्हणाला, "मग असं करू. कोरंच राहू दे. माझ्या ओळखीचा एक पेशंट नुकताच नाणी जमवायला लागलाय. त्याला काही कळत नाही." मामाचा चेहरा उजळला. तो म्हणाला, "फक्त प्रतीखाली हिची सही घेऊ. म्हणजे वजन पडेल."

दोघांनी पाकीट तिच्यापुढे सरकवलं. तिनं 'कोरं' वर आडवी रेघ मारली, खाली 'मध्यम, घासलेलं' असं लिहिलं आणि ठसठशीत सही ठोकली.

"घ्या. पडलं वजन?"

मामा तिला वाटेल तसं बोलला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी, म्हणाला. गल्ल्यावरची मामी तेवढी हसू दाबत म्हणाली, "अहो, पोरगी खरं बोलली तर एवढं मनाला का लावून घेता?" भाचीनं भिंग आणि दिवा उचलला, दोन्ही तिचेच होते, आणि ती घरी गेली.

आता ती घरीच नाणी तपासते. मामाशी बोलणं बंद आहे, म्हणजे मामाच्या बाजूनं. पण कुणी जुनी नाणी विकायला दुकानात आलं, की हाच मामा त्याला मोठ्या कौतुकानं तिच्याकडे पाठवतो. "माझी भाची आहे. प्रत तसूभरही वाढवून सांगायची नाही." घ्यायचं असलं की त्याला खरेपणा लागतो, अगदी सहीनिशी. विकायचं पाकीट मात्र तिच्याकडे एकदाही आलेलं नाही.

त्यानं पाठवलेल्या माणसांच्या नाण्यांना ती दुप्पट फी लावते आणि बिल मामाच्या नावावर पाठवते. मामा ते मुकाट्यानं भरतो.