दुसऱ्या बेसवरचा थ्रो

"थांब, टोपीची सावली पडतेय तोंडावर," म्हणत मार्लिस कुचेराने कॅमेऱ्याची तिपाई उचलली आणि जरा उजवीकडे नेऊन पुन्हा गवतात रोवली. समोर बेसबॉलच्या मैदानात होम प्लेटपाशी तिचा मुलगा ट्रेंट छातीला आणि नडग्यांना पॅड बांधून उभा होता. त्याने टोपी मागे सरकवली.

"हां, बोल आता."

"ट्रेंट कुचेरा. हॅरो क्रीक हायस्कूल, नेब्रास्का. कॅचर. उंची सहा फूट."

"सहा?" पिचरच्या उंचवट्यावरून ट्रेंटच्या बापाचा जुना मित्र लाइल होवॉर्का ओरडला. "बुटात वीट घातलीस काय रे?"

"सगळेच एक इंच वाढवतात, लाइलकाका."

"मग कोच लोक एक इंच कापूनच धरत असतील. खऱ्या सहा फुटवाल्याचं मरणच की!"

एरवी या बोलण्यावर ट्रेंट हसला असता. आता त्याने नुसती मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून नाव, गाव, उंची सांगितली, सहा फूटच. मार्लिसही हसली नाही. जुलैमध्ये तिचा नवरा व्हर्न सहकारी धान्यकोठीवर काम करता करता एका पोत्यावर बसला, तो उठलाच नाही. तेव्हापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. रडूही येत नव्हतं. हे ती कोणाला सांगायची नाही, कारण सांगितलं की बायका काळजी करत, आणि काळजी वाटलेली प्रत्येक बाई नूडल्स-चिकनचा ट्रे घेऊन दारात उभी राहत असे. फ्रीजमध्ये आधीच जागा नव्हती.

लाइल उंचवट्यावरून बॉल टाकू लागला. दुसऱ्या बेसवर माणसाऐवजी जाळी उभी केली होती. ट्रेंट उकिडवा बसे, बॉल मिटमध्ये, म्हणजे कॅचरच्या जाड हातमोज्यात घेई, उठता उठताच हात कानामागे नेऊन दुसऱ्या बेसकडे फेकी. बॉल लाइलच्या डोक्यावरून जाई. कॅचरचं सगळं नशीब या एका फेकीवर असतं. पहिल्या बेसवरून पळत दुसरा बेस चोरायला निघालेला रनर पोचायच्या आत बॉल तिथे पोचला पाहिजे, आणि तिकडे कुठल्या तरी कॉलेजातला कोच व्हिडिओ बघताना हातात घड्याळ धरून बसलेला असतो.

कॉलेजांच्या संघांना पाठवायचा व्हिडिओ कसा करायचा, हे शाळेच्या कोचने मार्लिसला नीट समजावून सांगितलं होतं. सर्वांत चांगला थ्रो सर्वांत आधी. स्लो मोशन नको. गाणी तर मुळीच नकोत, गाणं लागलं की कोच बंद करतो. मैदानावरचा आवाज आहे तसा ठेवायचा, मिटमध्ये बॉल कसा वाजतो ते त्यांना ऐकायचं असतं. आणि शेवटी खऱ्या सामन्यांतले तुकडे हवेतच, कारण रिकाम्या मैदानावर कोणीही शूर असतो.

सामने व्हर्नने काढून ठेवले होते. पोरगा सात-आठ वर्षांचा असल्यापासून व्हर्न आणि लाइल होम प्लेटमागच्या उंच जाळीमागे घडीच्या खुर्च्या टाकून बसत, सूर्यफुलाच्या बिया चावत आणि गावातल्या सगळ्यांची मापं काढत. कॅमेरा व्हर्नच्या हातात असे.

"पुरे झालं," लाइल खांदा दाबत म्हणाला. "पोरा, तुझा हात ठीक आहे, माझा गेला." मग तिपाई आवरणाऱ्या मार्लिसजवळ येऊन हळूच बोलला, "मी कोठीवर मॅनेजरच्या कानावर घालून ठेवलंय हां. हे कॉलेजचं नाही जमलं, तर जूनपासून व्हर्नच्या जागी घेतील त्याला."

"बरं झालं," मार्लिस म्हणाली. ती नुसतं बोलायचं म्हणून बोलली नव्हती.

रविवारी चर्चमधून आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि कानाला हेडफोन लावले. ट्रेंट शेजारच्यांकडे गुरांना चारा घालायला गेला होता. व्हर्नने काढलेले वसंतातले सामने ती एकेक करून बघू लागली.

नवऱ्याचा आवाज ऐकून काहीतरी होईल, असं तिला वाटलं होतं. छातीत कळ येईल, निदान डोळे भरतील. तसं काहीच झालं नाही. व्हर्न मक्याच्या भावाबद्दल बोलत होता. लाइल स्वतःच्या गुडघ्याबद्दल बोलत होता. व्हर्न मधूनमधून नाक ओढत होता, आणि मार्लिसच्या मनात एवढंच आलं की हा बाबा रुमाल कधी वापरायचा नाही. ती चांगले तुकडे कापून बाजूला ठेवत गेली.

मग मे महिन्यातला ब्रोकन फोर्कविरुद्धचा सामना आला. पडद्यावर ट्रेंटची पाठ, त्याच्यापुढे बॅटर, लांब पहिल्या बेसवर पाय उचलून तयार असलेला रनर.

"पुढच्या वर्षी कॉलेजवाले येतील बघ याच्यासाठी," लाइलचा आवाज आला.

"कोण येतंय!" व्हर्न म्हणाला. "हात चांगलाय, पण या गावापुरता. मला कळतं रे. खेळू दे, वर्षभर मजा करू दे, मग आणतो कोठीवर. मार्लिसला बोलू नकोस हं."

'बोलू नकोस' म्हणतानाच बॉल मिटमध्ये वाजला. रनर सुटला होता. ट्रेंट उठलेला दिसलाच नाही, हात तेवढा दिसला, आणि दुसऱ्या बेसवर धूळ उडायच्या आत तिथल्या पोराच्या हातात बॉल होता. रनर आऊट. तिने तिथेच व्हिडिओ थांबवला.

असा थ्रो बाकी कुठल्याच सामन्यात नव्हता. बेसबॉलमधलं फारसं न कळणाऱ्या मार्लिसलाही ते कळलं. तिने पुन्हा लावून पाहिलं. व्हर्नचं बोलणं त्या तुकड्यापासून वेगळं निघत नव्हतं, पिचरने हात फिरवायला घेतल्यापासून ते बॉल वाजेपर्यंत तो बोलतच होता. आवाज बंद करावा तर मिटचा आवाजही जात होता, आणि मुका तुकडा पाहिला की पोरगा विचारणार, हा एकच असा का?

बापाचं असलं बोलणं बाप गेल्यावर मुलाच्या कानावर पडायला नको. तिने तो तुकडा काढून टाकला आणि त्या जागी दुसऱ्या कुठल्या सामन्यातला बरा थ्रो लावला. रनर तिथेही आऊट होता, पण घसरून पडल्यामुळे.

कॉफी ओतून घेताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला हलकं वाटतंय. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं होतं, आणि ते हे. तो थ्रो नसेल तर कोणी कोच फोन करणार नव्हता. जूनमध्ये ट्रेंट व्हर्नचे हातमोजे घालून कोठीवर जाईल, संध्याकाळी घरी येईल, समोर बसून जेवेल. या टेबलाशी एकटीने जेवायला बसायचं तिला भय वाटत होतं. बाकी सगळं गेलं होतं, भय तेवढं शाबूत होतं.

ट्रेंट आला तो हात धुऊन, उभ्यानेच मुरंबा भरलेला एक कोलाची पाव तोंडात कोंबून खुर्ची ओढून बसला.

"झालं?"

"झालं. बघ एकदा, मग पाठवू."

त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. हल्ली नसेच.

"ब्रोकन फोर्कचा थ्रो कुठंय?"

"आवाज खराब होता त्याचा."

"कशानं?"

"वारा होता ना. नुसतं घोंघों येत होतं."

ट्रेंटने बोटांना लागलेला जर्दाळूचा मुरंबा चाटला, मग पॅन्टला पुसला.

"त्या दिवशी वारा नव्हता, आई."

मार्लिस उठून कप विसळू लागली. कप स्वच्छच होता.

"कॅचर कुठं बसतो?" ट्रेंटने मागून विचारलं.

"हे काय विचारणं झालं?"

"जाळीपुढं बसतो. आणि जाळीमागं बाबांची खुर्ची. मधे किती अंतर? तू बाकड्यावर लांब बायकांत बसायचीस, तुला काय माहीत. मला सगळं ऐकू यायचं. लाइलकाकांच्या गुडघ्याची दोन्ही ऑपरेशनं मला तोंडपाठ आहेत."

नळ चालूच होता. तिने तो बंद केला.

"सगळं ऐकू यायचं?"

"सगळं."

"मग तू बाबांना काही बोलला नाहीस?"

"कधी बोलणार? बॉल येत होता." त्याने पुन्हा बोटं पॅन्टला पुसली. "पळणारा पोरगा कोण होता ते पण मला आठवत नाही. तो थ्रो मी बाबांना मारला होता."

मार्लिस येऊन त्याच्या शेजारी बसली. त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं तिला वाटलं, पण तिने ठेवला नाही, तो झटकेल म्हणून.

"नंतर? गाडीत काही म्हणाला का तो?"

"काही नाही. बर्गर खाऊन आलो घरी. मी म्हटलं, आज ना उद्या म्हणतील काहीतरी." ट्रेंटने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. "लाव तो. मी बघितलाच नाहीये."

तिने फाइल शोधून लावली. हेडफोन काढून टाकले, त्यामुळे व्हर्नचा आवाज सगळ्या स्वयंपाकघरात घुमला. हात चांगलाय, पण या गावापुरता. ट्रेंट ऐकत होता, शाळेतला धडा ऐकावा तसा. बॉल वाजला, हात दिसला, रनर आऊट झाला. मार्लिसने सवयीने थांबवायला बोट पुढे केलं. ट्रेंटने तिचं मनगट धरलं.

चित्र हललं आणि खाली गेलं. कॅमेरा हातात आहे हे व्हर्न विसरला असावा. पडद्यावर आता त्याचे बूट दिसत होते, बुटांभोवती बियांची टरफलं. लाइल शिट्ट्या मारत होता. मग लाइल म्हणाला, "काय रे, गावापुरता ना?"

व्हर्न काही बोलला नाही. बूट हलले नाहीत. कोणी तरी पुढच्या बॅटरचं नाव पुकारलं. व्हर्नने नाक ओढलं, मग पुन्हा ओढलं, आणि या वेळी ते नेहमीसारखं नाही हे मार्लिसला ओळखू आलं. या माणसाबरोबर तिने एकोणीस वर्षं काढली होती. व्हिडिओ संपला.

ट्रेंटने तिचं मनगट सोडलं.

"हे सगळ्यात आधी लाव," तो म्हणाला. "रनर आऊट होईपर्यंतच. बूट नकोत."

"आणि आवाज?"

"राहू दे."

"अरे, कोच ऐकतील तो काय म्हणतोय ते!"

"ऐकू देत की. सगळ्यांचे बाप जाळीमागून 'माझा वाघ, माझा वाघ' करत असतात. कोच वैतागलेले असतील."

मार्लिसला हसू आलं. अर्धंच आलं, पण आलं. ती तुकडा कापायला लागली. मिटचा आवाज, फेक, धूळ, पंचाचा उठलेला हात. बरोबर तिथे कापला.

"आई," ट्रेंट म्हणाला. तो खिडकीतून बाहेर बघत होता. "तू तो थ्रो वाऱ्यामुळं काढला नव्हतास."

"नाही."

"बाबांमुळं पण नाही. ना?"

मार्लिसचं बोट कळीवर तसंच राहिलं. नाही म्हणणं तिला सहज जमलं असतं. पोराने मान वळवली नाही, तिला वेळ दिला, आणि त्याचे कान लाल झालेले तिला मागून दिसले.

"फक्त बाबांमुळं असं नाही," ती म्हणाली.

मग मार्लिसने तो थ्रो उचलून सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवला, आवाजासकट. कोचने दिलेले कॉलेजांचे ईमेल पत्ते टाकले, आयोवातले, कॅन्ससमधले, एक तर पार ओक्लाहोमातला. तिला आता रडू येत होतं, आणि पडदा नीट दिसत नव्हता, म्हणून पाठवायचं बटण दाबण्याआधी तिने ट्रेंटला प्रत्येक पत्ता मोठ्याने वाचायला लावला.