सोमवारी बंद पडणारी गाडी

सोमवारी सकाळी श्रीधररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला, की कुसुमच्या पोटात दुखायला लागे. कारखान्यातून निवृत्त होऊन वर्ष होत आलेलं. एरवी हा गृहस्थ दहापर्यंत बनियनवर पेपर वाचत बसायचा. सोमवारी मात्र लवकर दाढी-आंघोळ उरकून तयार! कारण खाली पार्किंगमध्ये आनंदी देवस्थळींची लाल गाडी हटकून बंद पडलेली असायची.

आनंदीबाई सोलापूरहून आलेल्या, खडकवासल्याकडे एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. नारायण पेठेतल्या या सोसायटीत पहिल्या मजल्यावर एकट्याच राहायच्या. आठवडाभर त्यांची गाडी बिनतक्रार चाले. शुक्रवारी लावली, शनिवार-रविवार उभी राहिली, की सोमवारी बॅटरी साफ उतरलेली. नवी बॅटरी टाकून झाली, गॅरेजवाल्यानं चार्जिंग तपासून झालं. सगळं ठीक. तरी सोमवार आला की खालून हाक यायचीच, "श्रीधरराव, आहात का?"

मग श्रीधरराव आपली गाडी तिच्याजवळ लावायचे, दोन्ही बॅटऱ्या जंपर केबलनं जोडून लाल गाडी चालू करून द्यायचे आणि वर त्यांच्याकडे चहा पिऊन यायचे. आल्याचा चहा. घरी आलं घातलं तर ह्यांना पित्त व्हायचं.

"आपला मिक्सर दिवाळीपासून बंद आहे," कुसुम एकदा म्हणाली.

"बघतो की."

"त्याला पण पार्किंगमध्ये नेऊन ठेवू का?"

श्रीधरराव हसले नाहीत. त्यांनी पेपर उघडला. कुसुमला ते जास्तच लागलं. पूर्वी तिच्या असल्या बोलण्यावर ते खळखळून हसायचे. आता ते हसू पहिल्या मजल्यावर खर्ची पडत असावं. मंडईत भाजी घेतानासुद्धा तिच्या डोक्यात तोच विचार असायचा. एकदा पिशवीभर गवार घेऊन घरी आली. गवार घरात कुणालाच आवडत नव्हती.

कुसुम दुपारच्या शाळेत विज्ञान शिकवायची. भांडणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण त्या गाडीचं दुखणं कायमचं बरं केलं, तर सोमवारच्या हाका आपोआप बंद होतील, हे तिला सुचलं. शनिवारी तिनं प्रयोगशाळेतून मल्टिमीटर घरी आणला आणि रविवारी सकाळी सरळ आनंदीबाईंची बेल वाजवली.

"चावी द्या. गाडी उभी असताना वीज कोण खातंय ते बघू."

"अय्या, कुसुमताई, तुम्हाला येतं हे?"

"येतं," कुसुम म्हणाली. "विचारलं नव्हतं कुणी."

श्रीधररावही जंपर केबल घेऊन मागोमाग खाली आले, आणि खांबाला टेकून उभे राहिले. कुसुमनं बॉनेट उघडलं. दार उघडं राहिलं तर आतला दिवा लागतो आणि आकडा खोटा येतो, म्हणून दाराच्या चौकटीतली कळ तिनं चिकटपट्टीनं दाबून ठेवली. मग बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सोडवून मधे मीटर जोडला आणि ती थोडा वेळ थांबली. चावी काढलेली, सगळं बंद; तरी जवळपास अर्धा अँपियर वाहत होता.

"एवढा कशाला?" ती पुटपुटली. "घड्याळाला आणि अलार्मला याच्या दहाव्या हिश्श्याचीही गरज नाही."

ती एकेक फ्यूज काढत, मीटर बघत आणि परत लावत गेली. रेडिओचा काढला, आकडा तसाच. हॉर्नचा, तसाच. आतल्या दिव्यांचा फ्यूज काढला आणि आकडा एकदम खाली आला.

आतला दिवा तर बंद दिसत होता. मग राहिला त्याच फ्यूजवरचा डिकीतला दिवा. कुसुमनं फ्यूज परत लावला, आपल्या मोबाइलवर चित्रीकरण सुरू केलं, तो डिकीत ठेवून झाकण लावलं आणि जरा वेळानं बाहेर काढला. चित्रात झाकण बंद झालेलं दिसत होतं. दिवा मात्र लख्ख जळत होता. झाकण पूर्ण बसत नव्हतं, त्यामुळे दिव्याची कळ दाबलीच जात नव्हती.

"पण मी श्रीधररावांना म्हटलं होतं ना," आनंदीबाई सहज बोलून गेल्या, "डिकी नीट लागत नाही म्हणून. ते म्हणाले, त्याचा काही संबंध नाही."

कुसुमनं नवऱ्याकडे पाहिलं. तीस वर्षं कारखान्यात विजेचीच कामं केलेला माणूस. ते जंपर केबलचं वेटोळं घालत होते, जे आधीच घातलेलं होतं.

तिनं दिव्याचा बल्ब काढून आनंदीबाईंच्या हातात दिला, झाकण गॅरेजमधून बसवून घ्यायला सांगितलं आणि वर आली.

"तुम्हाला माहीत होतं."

"संशय होता," श्रीधरराव म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर सोमवारी मला कुणी हाक मारली असती का?"

कुसुमला एकदम त्यांची दया आली. पण दयेनं मत्सर काही धुऊन निघाला नाही. हाक कुणाचीही चालली असती, की तीच हवी होती? हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं, आणि तिनं ते गिळलं.

सोमवारी दोघंही गॅलरीत उभी होती. लाल गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. आनंदीबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "थँक्यू हं, कुसुमताई! संध्याकाळी चहाला या!"

श्रीधररावांचा अर्धवट उचललेला हात कठड्यावर परत आला. कुसुम मात्र गाडी गेटाबाहेर पडून वळेपर्यंत, गरजेपेक्षा जास्तच वेळ, हात हलवत राहिली.