अस्तरासकट

टिल्लू विमानातून उतरली तेव्हा तिच्या एका कानाला दडा बसला होता, पाय सुजलेले होते आणि अंगात आईनं शिवलेला जांभळा कोट होता. कोट म्हणजे एकदम भारी. आत पिवळंधमक अस्तर, हातानं केलेली काजं आणि कॉलर अशी ताठ की मान खाली घालायची सोयच नाही. आई लोकांचे कपडे शिवायची, पण या कोटासाठी तिनं सगळी गिऱ्हाइकं ताटकळत ठेवली होती. हल्ली डोळ्यांपुढे जाळं आल्यासारखं होतं म्हणून सुईत दोरा ओवायला तिला टिल्लू लागायची. तरी तोरा केवढा! तू दोरा ओव आणि गप बस, पुढचं माझी बोटं बघतील, असं म्हणायची.

बसथांब्यावर घ्यायला ताई आली होती. ताई म्हणजे टिल्लूची मावसबहीण, ज्या कॉलेजात टिल्लू शिवणकाम शिकायला आली होती त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. लहानपणापासून टिल्लू म्हणजे तिचं शेपूट. ताईनं केस कापले की टिल्लूनं कापलेच, ताईला पोहायला जायचं की टिल्लूला जायचंच, मग बुडेना का. ताई परदेशी शिकायला गेल्यावर टिल्लूनं घर डोक्यावर घेतलं नसतं तरच नवल. फोनवर ताईनं तिला सगळं पढवून ठेवलं होतं. बस कुठली, वर्ग कुठल्या मजल्यावर, आणि हो, पहिल्या दिवशी घरी शिवलेला एक कपडा न्यावा लागतो. कुठला आणू, असं टिल्लूनं विचारलं तर ताई म्हणाली होती, तुझा सगळ्यात लाडका असेल तो.

थांब्यावर ताईनं तिला मिठी मारली, मग कोटाच्या आत हात घालून अस्तर चाचपलं.

“मावशीनं अस्तरही घातलं तुला?”

तुझ्याला नव्हतं का, असं टिल्लूनं विचारलं. गेल्या वर्षी ताई निघाली तेव्हा आईनं तिलाही हिरवा कोट शिवून दिला होता. ताई दर फोनला सांगायची, मावशी, रोज घालते, रस्त्यात थांबवून विचारतात लोक. आई ते भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना ऐकवून यायची. मग आज का नाही घातलास, असं टिल्लूनं विचारलं. ताई म्हणाली, धुवायला टाकलाय. बॅग खोलीवर टाकली, तोंडावर पाणी मारलं आणि दोघी कॉलेजात गेल्या.

वर्ग बघून टिल्लू हरखलीच. भिंतभर खिडक्या, मुंडकी नसलेले पुतळे, इस्त्र्यांची रांग आणि एवढाली टेबलं की त्यांवर माणूस झोपवून त्याचं माप घ्यावं. पोरांनी आणलेले कपडे मात्र बघवत नव्हते. विटका शर्ट, गुडघ्याला फाटलेला पायजमा, उशीच्या अभ्र्याचा झगा. कसली भिकारडी पोरं आहेत, असं टिल्लूच्या मनात आलं आणि तिला जरा बरंही वाटलं. तिनं कोट काढून टेबलावर असा ऐटीत पसरला की सगळ्यांना अस्तर दिसावं.

शिकवणाऱ्या बाई गळ्यात टेप अडकवून आल्या आणि भराभरा बोलायला लागल्या. टिल्लूनं तिथली भाषा परीक्षेपुरती घोकली होती. बाईंचं निम्मं बोलणं तिच्या डोक्यावरून गेलं. मदतीला दुसऱ्या वर्षाची मुलं उभी होती, त्यांत ताई. बाईंचं बोलणं संपलं आणि सगळ्यांनी कात्र्या उचलल्या. शेजारच्या मुलीनं आपला विटका शर्ट टिल्लूच्या पुढ्यात सरकवला.

टिल्लूनं ताईकडे बघितलं. ताई जवळ आली आणि हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा आवाजात तिनं समजावलं. इथली रीतच आहे. पहिल्या दिवशी शेजाऱ्यानं शेजाऱ्याचा कपडा कापून उघडायचा, प्रत्येक भाग कागदावर उतरवायचा. तुकडे भिंतीवर टाचले की वर्षभर तिथंच राहतात. स्वतःच्या कपड्याला हात लावायचा नाही, कारण कापडावर जीव असला की कात्री थरथरते, असं बाईंचं म्हणणं.

“म्हणजे हा कापणार?”

“अस्तरासकट.”

टिल्लूनं ताईचा हात धरला. तुझा एखादा जुना शर्ट दे, खोली दोन गल्ल्या पलीकडेच तर आहे, मी पळत आणते, असं ती विनवायला लागली. ताई हलली नाही. मग टिल्लूनं मोडक्यातोडक्या भाषेत बाईंना विचारलं, दुसरा कपडा चालेल का. बाई रागावल्या वगैरे नाहीत. टेबलावर आला तो कापायचा, नसेल कापायचा तर दार उघडं आहे, या जागेसाठी बाहेर पुष्कळ जण थांबलेत, एवढं बोलून त्या पुढे गेल्या.

“तुला माहीत होतं,” टिल्लू म्हणाली.

“माझाही कापला होता. मला कोणी सांगितलं होतं?”

“म्हणून मला सांगायचं नाही?”

“आजपर्यंत माझं सगळंच तुला हवं असायचं ना गं टिल्ले. मग हेही घे.”

जो तो आपला कपडा पुढच्याकडे सरकवत होता. टिल्लू टेबलाच्या टोकाला, तिच्यापुढे कोणीच नाही. बाईंनी ताईला खूण केली, तू बस तिथं. ताईनं बाह्या वर सरकवल्या. टिल्लू दारापर्यंत जाऊ शकली असती. दारापर्यंत जायला आडकाठी कसलीच नव्हती. पण दाराबाहेर परतीचं विमान होतं आणि आईच्या गल्लीतली झाडून सगळी माणसं होती. टिल्लू जागची उठली नाही.

ताईची कात्री चालायला लागली. ताई चांगलीच शिकली होती हो, हात असा सराईत चालत होता की बघत राहावं. आधी बाह्या, मग कॉलर, मग अस्तर फर्रकन. टिल्लू समोरचा विटका शर्ट कापत राहिली आणि एक बाही तिनं पार वेडीवाकडी केली.

मग बाई आल्या. त्यांनी जांभळ्या बाहीचा तुकडा उलटा करून उजेडात धरला. वरून सरळ दिसणारी शिवण आतून दारू प्यायल्यासारखी भरकटली होती. एके ठिकाणी तर एकाच जागी तीनदा टाके पडले होते. बाई काहीतरी बोलल्या आणि वर्ग हसला. टिल्लूला कळलं नव्हतं, तर ताईनं मराठीत समजावून सांगितलं, मोठ्यानं.

“म्हणतायत, शिवणाऱ्याला दिसत नसावं. अशी शिवण कशी घालू नये, त्याचा नमुना म्हणून हा तुकडा मधोमध लावा.”

मग बाईंनी टिल्लूलाच विचारलं, कोणी शिवलाय. एवढा प्रश्न तिला सहज कळला. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता, गाल अजून हसण्यानं फुगलेले. उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द तर टिल्लूला कुठल्याही भाषेत आला असता.

“आमच्या गल्लीतला शिंपी,” टिल्लू म्हणाली, आणि सगळ्यांबरोबर जराशी हसलीसुद्धा.

संध्याकाळी खोलीवर आईचा फोन आला. ताईनं फोन टेबलावर उभा केला, दोघी दिसतील असा. आई नेहमीसारखी स्क्रीनला नाक लावून बसली होती, त्यामुळे तिचं नुसतं कपाळच दिसत होतं. जेवलात का, खोली कशी, खिडकीतून वारा येतो का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, ताई घालते ना गं कोट, खांद्यात घट्ट नाही ना झाला?

ताईनं तोंड उघडलं. टिल्लूला दिवसभरात पहिल्यांदाच आपली बाजू वरचढ वाटली.

“तिचा कोट गेल्याच वर्षी कापला, आई. वर्षभर थापा मारतेय ती. आणि माझा आज कापला. तिनंच, स्वतःच्या हातानं.”

कपाळ हललं नाही. ताई लाल झाली, मग पांढरी. टिल्लूला इतकं छान वाटलं, की आईकडे बघायचं ती विसरूनच गेली.

आईनं विचारलं, कॉलेजातच कापतात का. रीत आहे, टिल्लू म्हणाली. मग आतून बघितला असेल त्यांनी, आई म्हणाली. हो. कोणी शिवला म्हणून विचारलं असेल. टिल्लूनं फोन जरा आपल्याकडे वळवला.

“विचारलं ना मावशी,” ताई पुढे सरकत म्हणाली. “गल्लीतला शिंपी, असं सांगितलं हिनं. आणि हसली.”

आई स्क्रीनपासून जरा मागे झाली. आता तिचा सगळा चेहरा दिसत होता. डोळे बारीक करून ती दोघींपैकी कोण कुठली ते शोधत होती.

“आपल्या गल्लीत शिंपी आहे कुठे?” ती म्हणाली.

तिला खरंच उत्तर हवं असल्यासारखी ती थांबली. टिल्लूनं ताईकडे बघितलं, ताईनं टिल्लूकडे. मग आई म्हणाली, दाराशी गिऱ्हाईक आलंय. दार वाजल्याचं दोघींपैकी कोणीच ऐकलं नव्हतं. आईनं फोन बंद करायला बटण चाचपलं, ते तिला सापडेना. तिचं बोट स्क्रीनवर इकडून तिकडे फिरत राहिलं, आणि दोघी बहिणी मांडीवर हात ठेवून, फोन आपल्या बाजूनं बंद न करता, ते बघत बसल्या.