दाढीवाल्याची मरळ

इकडेतिकडे शोधू नका, खाली पाण्यात बघा. मी बोलतेय, काळू नदीतली मरळ. मुरबाडच्या बाजूला नदीच्या एका वळणावर खोल डोह आहे, तिथल्या लव्हाळ्यात मी जन्मले. नेमकी जागा सांगणार नाही. गळ टाकणारी माणसंही सांगत नाहीत. सख्ख्या भावानं विचारलं तरी भलतीकडे बोट दाखवतात.

आम्हा मरळींना श्वास घ्यायला वर यावं लागतं, त्यामुळे काठावरचं सगळं बोलणं कानावर पडतं. जाळीवाले येतात, मासे काढतात आणि घरी जातात. गळवाल्यांचं तसं नाही. दिवसभर मासा नाही मिळाला तरी त्यांना चालतं, फक्त निघताना कोणी "कुठं चाललास?" असं विचारलेलं चालत नाही. विचारलं की माघारी घरी जायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि पुन्हा निघायचं! वर आमिषावर थुंकतात, आणि ते आम्ही आवडीनं खावं अशी यांची अपेक्षा.

चंदर त्यांच्यातलाच. वाशिंदच्या एका कारखान्यात कामाला. दर रविवारी मित्राच्या, सुयोगच्या मोटारसायकलवर मागे बसून काठी सांभाळत येतो. गेल्या भाद्रपदात मी त्याच्या गळाला लागले. बरीच ओढाताण झाली, दोरी तुटली आणि मी निसटले. गळ तेवढा ओठात राहिला. चंदर गळाला बायकोच्या, जयाच्या, शिवणाचा हिरवा दोरा गुंडाळतो, तोही सोबत आला. मी नथ घातल्यासारखी डोहात मिरवू लागले.

चंदरनं मात्र डोक्यात राख घालून घेतली. "हातभर होती रे!" तो सुयोगला त्याच दिवशी म्हणाला. दिवाळीला त्याच्या सांगण्यात मी त्याच्या कमरेला लागले. पौषात म्हसा गावच्या जत्रेपर्यंत तर मोटारसायकलच्या सीटवर मावेनाशी झाले. मला पोटभर न खाताही एवढं वाढता येतं, हे नवीनच कळलं.

सुयोग खो खो हसला तेव्हा चंदर काठावर उभा राहून गरजला, "हिरव्या दोऱ्याची ती मरळ हातात येत नाय, तवर दाढी करणार नाय!"

दाढी छातीवर आली. एकदा तो रडकुंडीला येऊन सांगत होता, "जया बोलते, शेजारी विचारतात, तुमच्याकडं कोणते बुवा आलेत?"

यंदा भाद्रपदात मला पिल्लं झाली. लालसर, इवलीशी, एकत्र वळवळणारी. मी डोळ्यांत तेल घालून राखण करत होते. तेवढ्यात त्यांच्या मधोमध एक बेडूक येऊन पडला. रबरी आहे, पोटाखाली गळ आहे, हे मला दिसत होतं. पण पिल्लांवर कोणी आलं की आई खरंखोटं बघत बसत नाही. मी झडप घातली आणि थेट चंदरच्या हातात गेले.

हिरवा दोरा दिसताच त्याचे डोळे भरून आले. "तूच गो!" मग त्यानं मला कोपरापासून हातावर आडवी धरली. शेपूट मनगटापर्यंतही पोचेना. त्यानं शेपूट ताणून पाहिली. मी तेवढीच राहिले.

"एवढीशीच?" तो पुटपुटला.

वळणापलीकडून सुयोग ओरडला, "चंदर, लागली का रे?"

पावलं जवळ येत होती. खाली माझी पिल्लं सैरभैर फिरत होती. इतके महिने दाढी वाढवलेला माणूस मला कशाला सोडेल?

चंदरनं दाढी खाजवली. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाण्यातल्या त्या लाल घोळक्याकडे. "पिल्लावाली हाय," असं म्हणत बेडूक अलगद सोडवला आणि मला पाण्यात ठेवलं. पिल्लं बघून सोडलं की लांबी बघून, ते मी विचारलं नाही.

सुयोग पोचला तेव्हा चंदर रिकामे हात पसरून उभा होता. "गेली रे! हातातून गेली! मी बोललेलो त्याच्यापेक्षा मोठी झालीय!"

आता त्याची दाढी बेंबीकडे निघाली आहे आणि माझी पिल्लं लव्हाळ्याबाहेर डोकावू लागली आहेत. वाशिंदला एखादा दाढीवाला हात पसरून मरळीची गोष्ट सांगू लागला, तर कृपा करून हसू नका. पटलं म्हणा. दाखव म्हणून तर मुळीच हट्ट धरू नका. माझा जीव त्याच्या थापेवर टिकून आहे.

आणि जयावहिनी, दाढीबद्दल माफ करा. तुमचा दोरा अजून पक्का आहे.