बाबांचा कप्पा

सून एका कंपनीत दिवसभर इतरांचे संगणक सांभाळायची, पण घरच्या संगणकाचा बॅकअप तिने आज-उद्या करत वर्षभर टोलवला होता. अखेर एका सुट्टीच्या सकाळी मुहूर्त लागला. घरच्या डिस्कचे तीन कप्पे होते, म्हणजे तीन फाइल सिस्टिम: एक संगणक चालवणारी, एक तिच्या कामाची आणि एक सासऱ्यांची. सासरे घड्याळजी. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाची टिकटिक त्यांनी रेकॉर्ड करून ठेवली होती. आता कानांनी साथ सोडली होती, समोरच्याचे ओठ पाहूनच बोलणं कळायचं, तरी कप्पा जपलेला होता.

तिने बॅकअपच्या यादीत सगळ्यात वरच्या चौकोनात खूण केली आणि खालचं सगळं आपसूक येईल असं धरून चालली. बॅकअप एका फाइल सिस्टिमची हद्द ओलांडून दुसरीत जात नाही, दुसरीसाठी वेगळी खूण करावी लागते, हे ऑफिसात सगळ्यांना घोकायला लावणारी हीच बाई!

"झालं बाबा, सगळं सुखरूप," असं सांगून ती आत गेली आणि लॅपटॉपवर बॅकअप उघडून बसली. तिचं फोल्डर रिकामं, बाबांचंही रिकामं. तिचं काम ऑफिसात तरी होतं. बाबांचं दुसरीकडे कुठेच नव्हतं.

ती तशीच बाहेर आली. बाबा संगणकापुढे बसलेले, आणि पडद्यावर प्रश्न: कायमचं पुसायचं?

"बाबा, थांबा!" ती ओरडली. त्यांना कुठलं ऐकू जायला! तिने धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं.

"अगं, तुझा कप्पा भरलाय म्हणालीस ना? माझं तर सुखरूप आहे. म्हटलं, तुला जागा करून द्यावी."

"नाहीये सुखरूप. माझी चूक झाली," तिने समोर येऊन सावकाश सांगितलं.

बाबा हसले. "गेलं असतं तर गेलं असतं. मला कुठे ऐकू येतंय आता?"

तिने आधी बाबांच्या चौकोनात खूण केली, मग हाताला लागली ती फाइल लावली. टिकटिक अडखळत होती, आणि तिच्या जोडीला बाबांचा तरुण आवाज घड्याळाशीच बोलत होता: "दमलास होय रे? घाबरू नकोस, मी आहे."

"मला येतं ना ऐकू, बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून, ओठ नीट दिसतील अशी बसून, त्यांचेच शब्द त्यांना एकेक करून सांगू लागली.