मेघाची नेव्ही

मेघाला दोन्हीकडून बोलावणं आलं ते एकाच आठवड्यात. आधी आर्मीच्या मिलिटरी पोलिसात निवड झाल्याचं कळलं, मग नेव्हीचं. बजाजनगरच्या त्यांच्या गल्लीत अग्निवीर झालेली ती पहिलीच मुलगी. तिच्या वडिलांनी, मोतीराम साळव्यांनी, घरोघर पेढे वाटले आणि वाटताना प्रत्येकाला सांगितलं, "पोरगी आर्मीत चालली."

मेघानं त्यांना तसं काही सांगितलं नव्हतं.

मोतीराम महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि आता वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटीत होते. त्यांचे वडीलही त्याच रेजिमेंटचे. त्यांच्या घरात फौज म्हणजे आर्मी. बाकीच्या दोन फौजा टीव्हीवर दिसायच्या. मेघाला मात्र इंजिनांचं वेड. बारावीनंतर ती वर्षभर एका कंपनीत ट्रेनी होती. तिथल्या मोठ्या कंप्रेसरशेजारी उभं राहिलं, की तिला बरं वाटायचं. जहाजाच्या पोटात त्याहून कितीतरी मोठी इंजिनं असतात आणि त्यांच्यावर काम करायला माणसं लागतात, हे कळल्यापासून तिनं नेव्हीच मनात धरली होती. समुद्र तिनं कधी पाहिला नव्हता. पोहताही येत नव्हतं. पण त्यापेक्षा अवघड होतं ते पप्पांना सांगणं.

एकदा जेवताना तिनं विषय काढून पाहिला.

"पप्पा, नेव्ही पण चांगली आहे म्हणतात."

"असंल," मोतीराम ताटातून नजर न उचलता म्हणाले. "आपल्या घराला आर्मीची सवय हाय. बाबा होते, मी होतो."

"पण मला इंजिनावर काम..."

"मेघा, मी लई वर्षं काढली फौजेत. मला कळतं त्यातलं."

ते हात धुवायला उठले. मेघाची आई सत्यभामा नवऱ्याच्या पाठीकडं बघत राहिली.

पोहायला ट्रेनिंगमध्ये शिकवतात, हे मेघाला माहीत होतं. पण पाण्याला घाबरतच तिथं जायचं, हे तिला पटेना. रनिंगला जाते असं घरी सांगून ती शहरातल्या तरणतलावावर बायकांच्या सकाळच्या बॅचला जाऊ लागली. शिकवणाऱ्या शमशाद मॅडम काठावरून सांगायच्या, "पानी कू नक्को पकड़ो. छोड़ दो, वो खुद उठाता." पहिले काही दिवस मेघा नुसतं पाणी पीत होती. मग एके सकाळी तिनं अंग सैल सोडलं आणि पाण्यानं तिला खरंच उचललं.

रनिंगहून आलेल्या पोरीचे केस रोज ओले कसे, हे सत्यभामाच्या नजरेतून सुटलं नव्हतं. तिनं मेघाला गाठून विचारलं. मेघानं सगळं सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी मोतीराम नाईट ड्यूटीवरून परत आले, तेव्हा सत्यभामानं त्यांना चहा दिला आणि म्हणाली, "मेघाला घेऊन या. तरणतलावावर गेलीय."

मोतीराम तिथं पोचले तेव्हा मेघा तलावाच्या मध्यावर होती. हात मारता मारता तिला काठावरचा खाकी शर्ट दिसला आणि तिचा श्वास चुकला. नाकातोंडात पाणी गेलं. पण ती थांबली नाही. खोकतच तिनं पलीकडचा काठ गाठला आणि बाहेर येऊन, टॉवेल गुंडाळून, ती वडिलांपुढं उभी राहिली.

"किती खोल हाय इथं?" मोतीरामांनी विचारलं.

"तुमच्या डोक्यावरून जाईल एवढं."

मोतीराम मागं सरकून पायरीवर बसले. दोन्ही हातांनी त्यांनी पायरीची कड घट्ट धरली. मेघानं त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"आसाममधी होतो आम्ही," ते हळू आवाजात म्हणाले. "नदी पार करायची होती, दोर धरून. माझा हात सुटला. खाली गेलो तो गेलोच. बरोबरच्यानं कॉलर धरून ओढलं म्हणून हाय. तवापासून खोल पाण्याच्या जवळ बी जात न्हाई."

मेघा त्यांच्या शेजारी बसली.

"म्हणून नेव्ही नको म्हणत होता?"

"व्हय. बाबांचं, रेजिमेंटचं मी उगं पुढं केलं. हवालदार पाण्याला भेतो, हे कुणाला सांगणार? तुझ्या आईला तेवढं माहीत हाय."

"मला वाटलं, मी आर्मीत नाही गेले तर तुम्हाला घराची लाज गेल्यासारखं वाटेल."

"लाज कसली? फौज ती फौज." त्यांनी खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला. "तुला आता कितपत जमतं? परत जाऊन दाखव बरं."

मेघा पुन्हा पाण्यात उतरली. ती पोहत निघाली तसे मोतीराम काठाकाठानं, भिंतीला धरून, तिच्या बरोबरीनं चालत राहिले. पलीकडच्या टोकाला ती डोकं वर काढून हसली, तेव्हा त्यांनी भिंतीवरचा हात काढला.

"जा नेव्हीत," ते म्हणाले. मेघाला एवढं हलकं वाटलं, की वर यायचं सोडून ती तशीच उताणी होऊन पाण्यावर पडून राहिली. शमशाद मॅडमनी बॅच संपल्याची शिट्टी वाजवली तरी तिला ती ऐकू आली नाही.

ट्रेनिंगसाठी ती ओडिशाला गेली. काही महिन्यांनी एका रविवारी तिचा फोन आला. पोहण्याची परीक्षा ती पास झाली होती आणि तिला इंजिनाचंच काम मिळालं होतं.

"बरं झालं," मोतीराम म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "मेसचं वरण कसं असतं तिथलं?"

"पातळ," मेघा म्हणाली.

"आमचं बी तसंच असायचं," ते म्हणाले आणि फोन सत्यभामाकडं देऊन खुर्चीत आरामात मागं टेकले.